विक्षिप्त मंडळ आणि समानधर्मा

एकटा मनुष्य विक्षिप्तपणाने वागू लागला म्हणजे घरची माणसे त्याच्या प्रकृतीची चौकशी करतात. दोघे तसे वागू लागले म्हणजे शेजारी कुजबुजतात. आणि चौघे एकत्र येऊन, अध्यक्ष निवडून व वर्गणी ठरवून तसेच वागू लागले म्हणजे त्यास मंडळ म्हणतात. मंडळ झाले की त्याच वेडास नियमावली मिळते, इतिवृत्त मिळते, आणि बहुधा चहाही मिळतो. मनुष्यस्वभावाची ही गंमत सर्व देशांत सारखीच असल्यामुळे विक्षिप्तांचे मंडळ हा विनोदी वाङ्मयाचा एक जुना व हुकमी विषय होऊन बसला आहे.

आज हा विषय काढण्याचे कारण असे की, आमच्या घराघरांतील शाळकरी मुलामुलींच्या हाती अलीकडे एक नवीनच चित्रमय वाङ्मय येऊ लागले आहे. ते जपानचे असून त्यास 'मंगा' असे नाव आहे. पुस्तक आपल्या दृष्टीने शेवटच्या पानाकडून उघडावयाचे आणि चौकटी उजवीकडून डावीकडे वाचीत जावयाच्या, असा त्याचा परिपाठ असल्यामुळे नातू पुस्तक उलटे धरून बसला आहे अशी एखाद्या आजोबांची समजूत झाल्यास नवल नाही. हे वाङ्मय पुण्यामुंबईपुरते राहिले आहे असेही नाही. राज्याच्या पूर्व टोकास असलेल्या गोंदिया जिल्ह्यातील मुलापर्यंतही ते मोबाइलच्या पडद्यावरून पोचण्यास आता कसलीच आडकाठी उरलेली नाही. साहजिकच वडील मंडळी विचारतात, "ह्यात आहे तरी काय?" त्या प्रश्नाचे उत्तर ह्या वाङ्मयाच्या एकाच शाखेपुरते, म्हणजे हायस्कुलातील विक्षिप्त मंडळांच्या विनोदी कथांपुरते, देण्याचा आमचा विचार आहे. आणि तो देताना असेही दाखविता येईल की, ज्यास आपण परदेशी खूळ समजतो त्याचे आजोळ आपल्या वाङ्मयातही आहे.

'मंगा' हा शब्द जपानात नवा नव्हे. होकुसाई ह्या थोर चित्रकाराच्या रेखाटनांचा पहिला भाग 'होकुसाई मंगा' ह्या नावाने १८१४ साली प्रसिद्ध झाला व पुढे त्याचे एकंदर १५ भाग निघाले. मनास येईल तसे, स्वैरपणे काढलेले चित्र असा त्या शब्दाचा साधारण अर्थ. पुढे नियतकालिकांतून चौकटींच्या आधारे सांगितलेल्या गोष्टीस हेच नाव रूढ झाले. आज त्या देशात मुलांसाठी, मुलींसाठी, प्रौढांसाठी, इतकेच काय पण स्वयंपाकाची किंवा बुद्धिबळाची आवड असणाऱ्यांसाठीही निरनिराळ्या मंगा निघतात. तेव्हा सरसकट सगळ्या मंगा चांगल्या किंवा सगळ्या वाईट असे म्हणणे हे सगळ्या कादंबऱ्या वाईट असे म्हणण्याइतकेच अविचाराचे होईल.

आता मंडळांविषयी. जपानी शाळांत तास संपल्यावर विद्यार्थी लगेच घरी जातातच असे नाही. प्रत्येक शाळेत निरनिराळी मंडळे असतात. कोठे तलवारबाजीचे, कोठे पुष्परचनेचे, कोठे चहासमारंभाचे, तर कोठे वाद्यवृंदाचे. ह्या उपक्रमास ते 'बुकात्सु' म्हणतात. मंडळास बहुधा एक शिक्षक मार्गदर्शक असतो, विद्यार्थ्यांमधूनच अध्यक्ष निवडला जातो, आणि वर्षातून एकदा शाळेच्या सांस्कृतिक उत्सवात आपली करामत लोकांस दाखवावयाची असते. सभासद पुरेसे नसले तर मंडळ मोडण्याची भीती असते. ही शेवटची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण ह्या जातीच्या कित्येक कथांचे सारे नाट्य तिच्यावरच उभे असते. 'आणखी एक सभासद मिळाला नाही तर आपली खोली जाणार' ह्या एका वाक्यावर जपानी लेखकांनी ग्रंथांचे ग्रंथ रचले आहेत.

उदाहरणादाखल तीन कथा घेऊ. काकिफ्लाय हे टोपणनाव घेतलेल्या चित्रकाराची 'के-ऑन!' ही चित्रमाला २००७ ते २०१० ह्या काळात एका मासिकातून क्रमशः आली. एका मुलींच्या हायस्कुलात सुगम वाद्यसंगीताचे एक मंडळ सभासदांअभावी मोडावयास आले आहे. चार मुली मिळाल्या तर ते जगावयाचे. तिघी मिळतात, चौथी म्हणून जी युइ नावाची मुलगी येते तिची समजूत अशी की, सुगम संगीत म्हणजे काही तरी सोपे प्रकरण असणार! तिला एकही वाद्य येत नाही. मंडळ सोडून जावे म्हणून ती येते, आणि चहा व गोड पदार्थ पुढे आल्यामुळे राहते. त्सुमुगी नावाची श्रीमंताघरची मुलगी रोज उत्तम चहा व खाऊ घेऊन येते; त्यामुळे संगीताच्या मंडळात संगीत थोडे आणि चहा फार, अशी स्थिती होते. पुढे त्यांच्या वाद्यवृंदास नावच 'शाळेनंतरचा चहा' अशा अर्थाचे पडते. एवढे असून उत्सवाच्या दिवशी त्या रंगमंचावर उभ्या राहतात तेव्हा त्यांचे गाणे खरोखर जमलेले असते, आणि हसत आलेला वाचक क्षणभर गंभीर होतो.

दुसरी कथा त्याहून जुनी. युकी मासामी ह्या चित्रकाराची ही मालिका १९८५ ते १९८७ ह्या काळात चालली. एका माथेफिरू शास्त्रज्ञाने जग जिंकण्याच्या हेतूने एक यंत्रमानव बनविला. पण तो यंत्रमानव जग जिंकण्याऐवजी हायस्कुलात नाव घालून छायाचित्र-मंडळाचा सभासद झाला. भात हा त्याचा जीव की प्राण. ज्याने साम्राज्ये उलथावी असा बेत, तो वाटीभर भातापुढे जगाचे राज्य तुच्छ मानतो. गोंदियासारख्या भाताच्या मुलखातील वाचकांस तरी ह्या यंत्रमानवाची निवड चुकली असे वाटणार नाही!

तिसरी कथा मुळात मंगा नव्हे, तर २००३ साली प्रसिद्ध झालेली तानिगावा नागारू ह्यांची कादंबरी. पुढे तिचे मंगा व चलचित्र दोन्ही झाले. हारुही नावाची मुलगी शाळेच्या पहिल्याच दिवशी वर्गात उभी राहून सांगते की, साध्या माणसांत तिला रस नाही. परग्रहावरचे, भविष्यकाळातून आलेले किंवा अंगी अलौकिक शक्ती असलेले कोणी असतील त्यांनीच तिला भेटावे. असे लोक शोधण्यासाठी ती एक मंडळ काढते, आणि त्यासाठी वाङ्मय-मंडळाची खोली सरळ बळकावते. त्या बिचाऱ्या वाङ्मय-मंडळात एकच सभासद उरलेली असते. वाङ्मयाची ही दशा वाचून आमच्या काही वाचकांस ओळखीचे वाटेल. गंमत अशी की, हारुहीने ओढून आणलेल्या सभासदांत खरोखरच एक परग्रहावरची, एक भविष्यकाळातील व एक अलौकिक शक्तीचा निघतो; परंतु ही गोष्ट एकट्या हारुहीसच ठाऊक नसते.

ह्या तिन्ही कथांत समान काय आहे? पहिली गोष्ट अशी की, मंडळाचा जो उद्देश पाटीवर लिहिलेला असतो तो आणि तेथे प्रत्यक्ष जे चालते ते, ह्यांत जमीनअस्मानाचे अंतर असते. दुसरी गोष्ट अशी की, क्षुल्लक कार्य अत्यंत गांभीर्याने केले जाते. तिसरी व सर्वांत महत्त्वाची ही की, त्या खोलीबाहेर जो मनुष्य निरुपयोगी ठरला असता तोच त्या खोलीत अपरिहार्य ठरतो. चौथा सभासद नसेल तर मंडळच नाही; मग तो चौथा यंत्रमानव असो की वाद्य न येणारी मुलगी असो.

हे वाचताना ज्यांस मराठी विनोदाचा परिचय आहे त्यांना सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या आठवल्यावाचून राहणार नाहीत. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर ह्यांचा जन्म १८७१ साली नागपूरचा, आणि त्यांची वकिली वऱ्हाडात झाली. 'साक्षीदार' हा त्यांचा पहिला विनोदी लेख १९०२ साली 'विविधज्ञानविस्तारा'त आला, आणि पुढे अशा बत्तीस लेखांचे 'सुदाम्याचे पोहे' झाले. त्यांत हे तिघे मित्र सणवार, रूढी, शकुन, सभासंमेलने अशा प्रत्येक गोष्टीत इतक्या भक्तिभावाने भाग घेतात की, त्या भक्तीनेच त्या गोष्टीचे हसे होते. चोरांचेसुद्धा संमेलन भरविण्यास कोल्हटकरांनी कमी केले नाही. संमेलन म्हटले की अध्यक्ष, भाषण व ठराव आलेच. आणि एवढा सगळा सरंजाम चोरांच्या पदरी पडला म्हणजे हसावयाचे कोणास, चोरांस की संमेलनांस, हे वाचकाने ठरवावयाचे.

कोल्हटकरांस गुरुस्थानी मानणाऱ्या राम गणेश गडकऱ्यांनी 'बाळकराम' ह्या नावाने हीच परंपरा पुढे नेली. 'ठकीचे लग्न' ह्या प्रकरणमालेत तिंबूनाना, बाळकराम आणि भांबूराव असे त्रिकूट आहे. मुलीचे लग्न जमविणे ही घरगुती बाब. पण ती ह्या तिघांच्या हाती पडताच तिला लष्करी मोहिमेचे स्वरूप येते. गडकरी १९१९ साली नागपूरजवळ सावनेर येथे अवघ्या तेहतिसाव्या वर्षी वारले. म्हणजे मराठी विनोदाच्या ह्या गुरुशिष्यांपैकी एकाचा जन्म आणि दुसऱ्याचा शेवट विदर्भाच्या मातीत झाला. त्यानंतर १९५८ साली पुस्तकरूपाने आलेल्या पु. ल. देशपांडे ह्यांच्या 'बटाट्याच्या चाळी'ने तर एका चाळीतच सांस्कृतिक शिष्टमंडळ व भ्रमणमंडळ स्थापन करून दाखविले. भ्रमणमंडळाची धाव मुंबईहून पुण्यापर्यंतच. पण तयारी पाहावी तर काशीयात्रेची. आणि निव्वळ चौकटींच्या चित्रांचाच प्रश्न असेल, तर १९९१ साली 'सकाळ'मधून सुरू झालेला, चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर ह्यांचा 'चिंटू' आणि त्याची मित्रमंडळी घराघरांत ठाऊक आहेत.

ही झाली पुस्तकातली मंडळे. प्रत्यक्षातही अशी मंडळे आपल्याकडे होऊन गेली. रविवारी चहाच्या निमित्ताने पुण्यात काही कविमित्र जमू लागले. आरंभी त्या बैठकीस 'सन-टी क्लब' असे नाव होते. त्यातूनच १९२३ साली रविकिरण मंडळ उभे राहिले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, ग. त्र्यं. माडखोलकर, वि. द. घाटे आणि नाट्यछटाकार दिवाकर अशी आठ मंडळी. सात पुरुष व एक स्त्री असल्यामुळे त्यांस सप्तर्षी व अरुंधती अशी उपमा मिळाली. कविता चारचौघांत गाऊन दाखवावयाची, आणि पुस्तके आपली आपण छापावयाची, हा प्रकार त्या काळी कित्येकांस हास्यास्पद वाटला. १९२५ साली आलेल्या 'झेंडूच्या फुलां'त अत्र्यांनी त्या काळच्या कवितेची जी विडंबने केली त्यांत ह्या मंडळासही मनसोक्त आहेर मिळाला. परंतु माधव जूलियन ह्यांचा 'फार्शी-मराठी कोश' त्याच वर्षी निघाला, हेही विसरता कामा नये. चहा पिता पिता काय काय होते पाहा! 'शाळेनंतरच्या चहा'च्या त्या जपानी मुली आमच्या रविकिरण मंडळास परक्या वाटल्या असत्या असे आम्हांस वाटत नाही.

येथवर आपण विनोद पाहिला. आता ह्या विनोदाच्या मुळाशी जी एक गंभीर गोष्ट आहे ती सांगावयाची, तर आम्हांस सुमारे तेराशे वर्षे मागे आणि थेट गोंदिया जिल्ह्यात जावे लागेल. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या ह्या जिल्ह्यात आमगावाजवळ पदमपूर नावाचे गाव आहे. विदर्भातील पद्मपूर हे आपले मूळ गाव असे महाकवी भवभूतीने आपल्या नाटकाच्या प्रस्तावनेत म्हटले आहे. ते पद्मपूर म्हणजे आमगावचे हेच पदमपूर, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी ह्यांनी मांडले.

भवभूतीची तीन नाटके पूर्वापार वाचली जातात. त्यांविषयी एक गोष्ट संस्कृताच्या प्रत्येक विद्यार्थ्यास शिकविली जाते, ती ही की, त्यांत विदूषक नाही. कालिदासाच्या दुष्यंतास माधव्य आहे, शूद्रकाच्या चारुदत्तास मैत्रेय आहे, भासाच्या उदयनास वसंतक आहे. पण भवभूतीच्या रामास असा कोणी नाही. विदूषक म्हणजे केवळ खादाड थट्टेखोर नव्हे. नायक मोठा असो, दुःखी असो, प्रेमाने वेडा झालेला असो, त्याच्याजवळ बसून मोदकाची गोष्ट काढणारा तो मित्र होय. राजास दरबार असतो, पण मंडळ नसते. विदूषक हेच त्याचे मंडळ. ते भवभूतीच्या नायकांच्या वाट्यास आले नाही.

आणि पाहा, ज्याच्या नाटकांत विदूषक नाही त्या कवीनेच 'मालतीमाधवा'च्या प्रस्तावनेत जगास आपले एकटेपण बोलून दाखविले आहे. जे आपली अवज्ञा करतात त्यांच्यासाठी हा खटाटोप नाही; आपला कोणी समानधर्मा कोठे तरी असेल किंवा पुढे जन्मास येईल, कारण काळास अंत नाही आणि पृथ्वी विशाल आहे, असा त्याच्या उद्गाराचा भावार्थ. ह्यात अभिमान आहे असे पंडित म्हणतात, आणि तो आहेच. परंतु त्या अभिमानाखाली एका विक्षिप्त माणसाचे, सभासद न मिळालेल्या माणसाचे, दुःखही आहे असे आम्हांस वाटते. हारुही वर्गात उभी राहून जे ओरडून सांगते ते आणि भवभूती प्रस्तावनेत जे गंभीरपणे सांगतो ते, ह्यांत भाषेचे अंतर पुष्कळ असले तरी भूक एकच आहे. आपल्यासारखा कोणी आहे काय? जपानी शाळेतील मुलांस त्याचे उत्तर संध्याकाळी चार वाजता त्याच इमारतीच्या कोपऱ्यातील खोलीत मिळते. भवभूतीने ते अनंत काळावर सोपविले.

पदमपूरच्या ह्याच मुलखाने पुढे विदूषकाची उणीव भरून काढली, हा दैवाचा विनोद म्हटला पाहिजे. गोंदिया, भंडारा, गडचिरोली व चंद्रपूरचा काही भाग ह्यांस झाडीपट्टी म्हणतात. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, आणि तिच्या निमित्ताने दंडारी व खडी गंमत रंगतात. दंडार ही येथील शेतकऱ्यांची व मजुरांची लोकनाट्यकला. दिवसा धानाच्या बांधीत खपणारा मनुष्य रात्री लुगडे नेसून राणी होतो, आणि दुसरा सोंगाड्या होऊन राजाची फजिती करतो. नाटकाचा उद्देश कितीही गंभीर असो, सोंगाड्यावाचून ते पुरे होत नाही. ह्या झाडीपट्टीच्या रंगभूमीवरील विनोदी भूमिकांसाठी प्रसिद्ध असलेले गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे ह्यांस २०२३ साली पद्मश्री मिळाली. गावातील जो मनुष्य इतर दिवशी 'जरा तऱ्हेवाईक' म्हणून ओळखला जातो, त्यास मंडईच्या रात्री गाव स्वतः होऊन बोलावते. मंडळाचे खरे कार्य ते हेच.

आता दोन गोष्टींची स्पष्ट चर्चा केली पाहिजे. पहिली मुलींची. आमच्या विनोदी वाङ्मयातील मंडळे पाहिली तर ती बहुतेक पुरुषांची आहेत. सुदाम्याच्या बैठकीत पोहे येतात, पण ते करणारीस सभासदत्व नाही. ठकीच्या लग्नासाठी तीन शहाणे आकाशपाताळ एक करतात. ठकीचे स्वतःचे म्हणणे काय, हे मात्र त्या गर्दीत कोणी फारसे विचारीत नाही. रविकिरण मंडळात अरुंधती एकच. उलट त्या जपानी वाद्यवृंदात सगळ्याच मुली आहेत, आणि परग्रहवासी शोधणाऱ्या मंडळाची नायकही मुलगीच आहे. त्यांना वेडेपणा करण्याची, चुकीचे वाद्य वाजविण्याची, तासभर काहीही उपयुक्त न करण्याची मोकळीक आहे. आमच्या घरांत मुलगा विचित्र वागला तर 'पुढे मोठा होईल' असे म्हणतात, आणि मुलगी तशी वागली तर 'पुढे कसे होईल' असे म्हणतात! मुली हे वाङ्मय इतक्या आवडीने का वाचतात, ह्याचे एक कारण ह्या दोन वाक्यांतील अंतरात सापडेल.

दुसरी गोष्ट वेळेची. 'अभ्यास सोडून ही थेरे कशाला?' असे पालक म्हणतात, आणि त्यांची चिंता खोटी नाही. परीक्षा कठीण आहेत, जागा थोड्या आहेत. परंतु वस्तुस्थिती पाहावी. सकाळी शाळा, दुपारी शिकवणी, रात्री दुसरी शिकवणी, असा ज्या मुलाचा दिनक्रम आहे तो दिवसभर शंभर मुलांत बसतो, तथापि त्यास मंडळ नसते. शिकवणीच्या वर्गात शेजारी बसलेला तो प्रतिस्पर्धी, सभासद नव्हे. पूर्वी ज्या घरात पंधरावीस माणसे नांदत, तेथे ओसरीवर एखादे काका घड्याळे उघडून बसत, एखादी आत्या मांजरांस पुराणातली नावे ठेवी, आणि मुलांस असे कळे की, मनुष्य जरा निराळा असला तरी त्याचे पान मांडलेच जाते. एकत्र कुटुंब हे विक्षिप्तांचे पहिले मंडळ होते. ते लहान झाले, ओसरी गेली, आणि मुलाने ती जागा चित्राच्या पुस्तकात शोधिली. दोष पुस्तकाचा की आपला, ह्याचा शांतपणे विचार व्हावा.

अशा मंडळांतून शेवटी काही निष्पन्न होते काय, असे कोणी विचारील. गोंदिया जिल्ह्यातलेच एक उदाहरण देतो. सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच पक्षी महाराष्ट्रात आता फार थोडा उरला असून, जो उरला आहे तो मुख्यत्वे ह्याच जिल्ह्यात. तो धानाच्या शेतात व तळ्याकाठी घरटे करतो. भल्या पहाटे दुर्बीण घेऊन बांधाबांधाने पक्षी मोजीत हिंडणे ह्यास शहाणी माणसे काय म्हणतील, हे सांगावयास नको. पण 'सेवा' ह्या संस्थेच्या पक्षिमित्रांनी नेमके हेच केले. वर्षानुवर्षे ते सारसांची मोजणी करीत आले आहेत, आणि शेतकऱ्यांस विश्वासात घेऊन शेतातील घरट्यांस अभय मिळवून देत आले आहेत. चौघांचे वेड पक्ष्याच्या एका जातीचा आधार होऊ शकते. हे पक्षी एकट्या माणसास मोजता आले नसते, आणि एकट्या माणसाचे शेतकऱ्याने ऐकलेही नसते. त्यास मंडळच पाहिजे होते.

तेव्हा आमचे सांगणे थोडक्यात असे. घरात मुलगा किंवा मुलगी असली चित्रमाला वाचीत असेल तर ती प्रथम आपण थोडी चाळावी. सर्वच मंगा मुलांच्या हाती देण्याजोग्या नसतात. काही प्रौढांसाठीच असतात, आणि वयास अनुरूप असेल तेच पुढे ठेवणे हे वडिलांचे कर्तव्य आहे. जी निर्दोष असेल ती मुलाशेजारी बसून एकदा वाचावी. 'हा असा का वागतो?' असे त्यालाच विचारावे. मग 'सुदाम्याचे पोहे' किंवा 'बाळकराम' कपाटातून काढून त्याच्या हाती द्यावे, आणि तुझ्या ह्या मंडळींचे हे पणजोबा, असे सांगावे. भाषा प्रथम जड वाटेल. एखादे प्रकरण मोठ्याने वाचून दाखविल्यास ती अडचण राहणार नाही. रात्रीच्या जेवणानंतर सर्वांनी मिळून वाचण्यास ह्याहून चांगले पुस्तक क्वचितच सापडेल.

आणि एवढ्यावर न थांबता आणखी एक करावे. आठवड्यातून एक संध्याकाळ मुलास व त्याच्या मित्रमैत्रिणींस मोकळी द्यावी. घरातील एक खोली, गच्ची, नाही तर जिन्याखालची जागा त्यांच्या स्वाधीन करावी. ते तेथे तारे मोजोत, नाटक बसवोत, जुनी तिकिटे लावोत किंवा परग्रहवासी शोधोत; उद्देश विचारू नये, आणि हिशेब तर मुळीच मागू नये. फार तर चहा व पोहे आत पाठवावे. त्या खोलीतील चौघांपैकी तिघे पुढे सर्वसाधारण संसारी माणसे होतील, आणि त्यात कमीपणा काही नाही. परंतु चौथ्या एखाद्यास, ज्याचे मन वर्गात कोणाशी जुळत नव्हते त्यास, आपण एकटे नाही हे वेळेवर कळलेले असेल. काळ अनंत आहे हे भवभूतीचे म्हणणे खरे. पण चौदावे वर्ष प्रत्येकास एकदाच येते. त्या वर्षी समानधर्मा भेटावयाचा असेल तर तो शेजारच्या बाकावर असला पाहिजे, आणि त्यास घरी बोलावण्याची परवानगी घरच्यांनीच दिली पाहिजे.